पुसलेली रेघ

१

रंगखोलीतलं काम तसं सोपं आहे. धातूचा तुकडा आधी पुसून कोरडा करायचा. मग त्यावर लाल रंगाचा फवारा मारायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर रंग तिच्यात उतरतो. मग वरचा रंग फडक्याने पुसून टाकायचा आणि तुकड्यावर पांढरी पावडर फवारायची. पावडर वाळता वाळता आत लपलेला रंग ओढून घेते. तुकडा चांगला असेल तर पांढराच राहतो. चीर असेल तर पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटते.

"थांबायला शिक," दादा म्हणायचा. "हे काम हाताचं नाही, बुडाचं आहे. एका जागी टेकता आलं पाहिजे."

मला ते कधी जमलं नाही. लॅबमध्ये मला सगळे 'घाई' म्हणूनच हाक मारतात. मी शेजारच्या खोलीत पॉलिशला होतो. तिथे चकती फिरत असते, पाणी उडत असतं, तुकडा दाबून धरला की झालं. सातवीत शाळा सोडून उनाडक्या करत होतो, तेव्हा दादानेच मला इथे चिकटवलं. रंगखोली त्याची होती. अकरा वर्षं.

आता तो जाऊन सात आठवडे झालेत. मागच्या आवारात ट्रकमधून माल उतरवताना चेनपुलीचा हूक तुटला आणि वर टांगलेलं धूड त्याच्यावर आलं.

"नवा माणूस मिळेपर्यंत तू बस," मॅडम म्हणाल्या. आमच्या लॅबचे सगळे रिपोर्ट त्याच लिहितात. "तू त्याला करताना बघितलंयस ना?"

बघितलं होतं. म्हणून बसलो. तीन खुर्च्या मावतील एवढी खोली, एक खिडकी, घरघरणारा पंखा, आणि रजिस्टरमध्ये पानंच्या पानं त्याचं गोल अक्षर. दोष नाही. दोष नाही. दोष. दोष नाही.

तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कारखान्याची एक जाड पिन आली. पावडर वाळली आणि पिनेच्या मानेवर रेघ उमटली, चांगली बोटभर लांब. फक्त मधे एक जागा कोरी होती. अंगठ्याएवढी. रेघ इकडून यायची, थांबायची आणि पलीकडून पुन्हा सुरू व्हायची.

माझाच हात लागला असणार. मी पिन धुतली आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी रेघ सलग आली. मी रजिस्टरमध्ये 'दोष' लिहिलं. त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं दिसत होतं.

२

मोठ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की वजन जास्त घेतलं असेल. म्हणजे चूक दादाची. जो माणूस चहाचा कपसुद्धा काठोकाठ भरू द्यायचा नाही, त्याने म्हणे जास्त वजन घेतलं. सहा आठवडे ऐकून घेतलं, मग मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. काय बोललो ते आठवत नाही. मॅडमनी मला दंडाला धरून बाहेर काढलं एवढं आठवतं.

"हूक बाहेरच्या लॅबला देणार आहोत," त्यांनी कॉरिडॉरमध्ये सांगितलं. "आपलाच हूक, आपलाच माणूस, आपण तपासून चालत नाही. येत्या शुक्रवारी त्यांचा माणूस येतोय. तोवर तोंड बंद आणि हात खिशात. समजलं?"

मला खात्री होती. धातूच नासका असणार. विकणाऱ्याने फसवलं असणार. बाहेरचा माणूस ते लिहून देईल, आणि साहेबांना तो कागद सगळ्यांसमोर वाचायला लावायचा, असं मी ठरवलं होतं.

घरी वहिनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची.

"त्या दिवशी काय म्हणाला तो? नीट सांग."

"म्हणाला, आज तू नको, मी जातो."

"असंच म्हणाला?"

"असंच. माल उतरवायला रोज मीच जायचो, वहिनी. हुकाला साखळी मीच लावायचो. त्या दिवशी त्याने मला दारातून मागे ओढलं."

वहिनी मान हलवायची आणि भांडी घासायला लागायची. "तुझ्यासाठी गेला," ती नळाकडे बघत म्हणायची. तिला तेवढाच आधार होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. झोपताना मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपायचो.

३

दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी हातमोजे घातले होते.

गिअरचा दांडा होता. खिडकी बंद होती, पंखाही मी मुद्दाम बंद केला होता. पावडर मारली, रजिस्टरमध्ये नंबर लिहायला वळलो. चार आकडे लिहायला मला जेवढा वेळ लागतो तेवढाच. परत पाहिलं तर रेघ आली होती आणि मधोमध पुसली गेली होती.

मी भिंग घेतलं. पुसलेल्या जागी पावडरीत बारीक वळसे होते. उघड्या अंगठ्याचे वळसे. आणि त्यांना तिरकी छेदणारी एक सरळ खूण.

दादाच्या उजव्या अंगठ्यावर कापायच्या चाकाने झालेला तिरका वण होता. तो हातमोजे कधीच घालायचा नाही. म्हणायचा, धातूला हात लागल्याशिवाय कळत नाही.

मी मोजा काढून माझा अंगठा त्या ठशाशेजारी धरला. ठसा माझ्यापेक्षा रुंद होता.

"काय रे घाई, भिंग लावून उवा शोधतोयस?"

दारात पैलवान उभा होता. काडीसारखा माणूस, म्हणूनच त्याचं नाव पैलवान. हल्ली आवारात माल तो उतरवतो.

"तू आत आला होतास आत्ता?"

"मी? या खोलीच्या वासाने माझी दोन दिवस भूक मरते. मी कशाला येतोय मरायला?" त्याने दोन्ही हात पुढे केले. कातड्याचे मोजे होते, अंगठ्यापाशी शिवलेले. "का रे? काय गेलं?"

"काही नाही."

"मग असा पांढरा का पडलायस? पावडर तुकड्याला लावायची असते, तोंडाला नाही." तो हसला, मग जरा जवळ आला. "ऐक ना. शनिवारी नवा हूक लावणार म्हणे. तपासायला तुझ्याकडेच येणार. नीट बघ बाबा. माझ्या डोक्यावर असणार तो. डोकं एकच आहे, आणि तेही धड चालत नाही."

तो गेल्यावर मी स्वतःला समजावलं. हे तुकडे नवे आले असले तरी टेबल दादाचं, फडकी दादाची. एखाद्या फडक्यावर त्याचा जुना ठसा राहिला असेल, तो उमटला असेल. मग मला आठवलं की ओल्या पावडरीवर मी फडकं टेकवलंच नव्हतं. मी दांडा धुतला. रेघ पुन्हा आली, सलग. मी 'दोष' लिहिलं आणि त्या दिवशी डबा बाहेर पायरीवर बसून खाल्ला.

४

गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेले. मॅडमच्या टेबलावर टाचण्यांची डबी असते, तिच्या तळाशी हूक ठेवलेल्या कपाटाची किल्ली असते. हे सगळ्यांनाच माहीत आहे. हात खिशात ठेवायला मला सांगितलं होतं, पण मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. नासका धातू एकदा बघायचा आणि उद्यापर्यंत गप्प बसायचं, एवढंच.

हुकाचे दोन तुकडे वेगवेगळ्या पिशवीत होते. मी ते रंगखोलीत नेले, दाराला आतून कडी लावली आणि तुटलेली बाजू खिडकीकडे धरली.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं असलं तरी तुटलेला धातू मला वाचता येतो. ते दादानेच शिकवलं. धातू एका झटक्यात तुटला तर तोंड खरबरीत, दाणेदार, राखाडी होतं. चीर रोज थोडी थोडी वाढत गेली असेल तर तोंड गुळगुळीत होतं आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानी दिसतात. हुकाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता. म्हणजे चीर जुनी होती.

आणि ती लाल होती.

आतल्या कडेला नखाएवढा भाग गडद लाल. त्याच्यापुढे एक पट्टा जरा फिका. त्याच्यापुढे आणखी एक, अगदी फिका. मग राखाडी.

मी आधी म्हटलं, तुटल्यानंतर कोणीतरी रंग उडवला असेल. पण तसं असतं तर राखाडी भागही भिजला असता. तो कोरडा होता, त्यावर एक टिपकासुद्धा नव्हता. रंग चिरेतूनच आत शिरला होता, आणि चीर जिथवर होती तिथवरच पोचला होता. तीनदा. कडेचा भाग तिन्ही वेळा भिजला म्हणून गडद. आमच्या हुकाची चाचणी सहा महिन्यांनी होते. शेवटची दादा जायच्या तीन आठवडे आधी झाली होती.

रंग आत शिरला म्हणजे पांढऱ्यावर रेघ आलीच असणार.

मी रजिस्टर काढलं. पानं उलटताना बोटं चिकटत होती. तिन्ही तारखा सापडल्या. तिन्हींपुढे गोल, सावकाश लिहिलेलं अक्षर होतं. दोष नाही. दोष नाही. दोष नाही.

त्या सगळ्या दिवसांत त्या हुकाखाली मी उभा असायचो. साखळी लावताना मान वर करून. कधी शीळ घालत. आणि तो याच खुर्चीत, याच खिडकीतून मला बघत असायचा. इथून आवार सरळ दिसतं.

का, ते मला माहीत नाही. हूक काढला असता तर काम थांबलं असतं, साहेब ओरडले असते, म्हणून पहिल्यांदा सोडलं असेल. मग दुसऱ्या वेळी पहिल्याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. माणूस असाच अडकत जातो, मला कळतं. पण त्याने मला मागे ओढलं ते शेवटच्या दिवशी. आधीचे जवळजवळ चारशे दिवस त्याने मला ओढलं नाही.

"दादा," मी मोठ्याने म्हटलं, "तू मला मोजतच नव्हतास का रे?"

आमच्या कामात एक गोष्ट कधीच करायची नसते. तुटलेली दोन तोंडं एकमेकांना लावून बघायची नाहीत. सगळ्यांचाच हात शिवशिवतो, नवीन पोरं तर हमखास करतात. पण तोंडं एकमेकांवर घासली की खुणा मरतात आणि तुकडा मुका होतो. पहिल्या दिवशी दादाने मला हे शिकवताना माझ्या डोक्यात टपली मारली होती.

मी ती दोन तोंडं जोडली. का जोडली हेही सांगता येत नाही. रागाने असेल, किंवा सगळं पहिल्यासारखं एकदा दिसावं म्हणून असेल.

डबीचं झाकण बसतं तसा बारीक आवाज आला. हूक अखंड झाला. जोड कुठे आहे ते दिसेना. मी ओढलं तर तुकडे सुटेनात. चुंबक नव्हतं, तेल नव्हतं. पलीकडून कोणीतरी धरून ठेवावं तसं ते धरलेलं होतं. मी गुडघ्यात दाबून सगळा जोर लावला. मग एकदम सुटलं आणि मी भिंतीवर आदळलो.

दोन्ही तोंडं चकचकीत झाली होती. कमानी गेल्या होत्या. लालही गेलं होतं. फासलं गेलं असतं तर समजलो असतो, पण ते फडक्याने काळजीपूर्वक टिपल्यासारखं गेलं होतं. मी माझे हातमोजे उलटेपालटे करून बघितले. त्यांच्यावर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता.

५

शुक्रवारी बाहेरच्या लॅबचा माणूस आला. त्याने तोंडं पाहिली आणि पिशव्या बंद केल्या. "हे कोणीतरी जोडून बघितलंय," तो म्हणाला. "आता यातून काही सांगता येणार नाही." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

संध्याकाळी वहिनीने विचारलं, "म्हणजे त्याची चूक नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. तिने सात आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

शनिवारी सकाळी नवा हूक आला. नवा म्हणजे गोदामात पडून असलेला, न वापरलेला. मी तो पुसला, रंग मारला, पंधरा मिनिटं मोजली. खाली आवारात ट्रक उभा होता. पैलवान रिकाम्या चेनपुलीखाली उभा राहून ड्रायव्हरशी कशावरून तरी भांडत होता.

मी पावडर मारली. या वेळी वळलो नाही. खुर्ची पुढे ओढली, हात मांडीखाली दाबले आणि बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी तसा बसलो.

आतल्या वळणावर एक टिंब आलं. मग शेजारी दुसरं. दोन्ही जुळली. रेघ केसाएवढी बारीक होती, पण होती. जिथे सगळं वजन येतं तिथेच.

मग पावडर दबली.

रेघेच्या टोकाशी एक लंबगोल खळगा पडला आणि सरकायला लागला. सावकाश, एकाच दिशेने, रेघेच्या अंगाअंगाने. वर काही नव्हतं. टेबल होतं, हूक होता, उजेड होता. खळगा पुढे सरकत होता आणि त्याच्यामागे पांढरं पुन्हा स्वच्छ होत होतं. त्यात गडबड अजिबात नव्हती. रोजचं काम करावं तसं ते होतं.

मी रंगाचा डबा उचलला आणि सगळं पुन्हा केलं. पंधरा मिनिटं. रेघ आली. पुसली गेली. तिसऱ्यांदा रेघ आली तेव्हा मी तिच्यावर तळहात ठेवला आणि दाबून धरला.

"खाली पैलवान आहे," मी म्हणालो. "दादा, सोड. माझं जाऊ दे. खाली पैलवान आहे."

तळहाताखाली काहीतरी आलं. त्याने ढकललं नाही. लहानपणी सायकलची चेन पडली की मी झटापट करायचो, आणि दादा 'हो बाजूला' म्हणून माझं मनगट दोन बोटांनी सरकवायचा. तेवढाच जोर. त्या जोरापुढे मी कधी टिकलो नव्हतो. माझा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला.

हूक पांढरा होता. एका ठिकाणी अंगठ्याचा ठसा, त्यावर तिरकी खूण. बाकी काही नाही.

६

"झालं का रे?" मॅडम दारात होत्या. "ट्रक तासभर उभा आहे. काय लिहू?"

"दोष आहे."

त्या आत आल्या, वाकून पाहिलं. "कुठे?"

"होता. आता दिसत नाही."

"घाई, मला चेष्टेला वेळ नाही. दाखव, नाहीतर लावू दे त्यांना."

दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून जे होतं ते सांगितलं. "मॅडम, मागच्या हुकातही असाच होता. दादाला माहीत होतं. वर्षभर आधीपासून."

त्या सरळ उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. किल्ली, तीन लाल पट्टे, तीन तारखा, आणि तोंडं मीच जोडली हे. ठशाबद्दल मात्र नाही बोललो.

"म्हणजे आता पुरावा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तू गप्प बसलास तर कोणाला कधीच कळणार नाही. हे तुला समजतंय ना? लिहिलं तर तुझ्या भावाचं नाव जाईल. अकरा वर्षांची त्याची प्रत्येक चाचणी पुन्हा काढावी लागेल."

"हो."

"वहिनीला कोण सांगणार?"

"मी."

मॅडमनी खिडकीतून खाली पाहिलं. मग काच सरकवली आणि ओरडल्या, "पैलवान! बाहेर निघ तिथून. आज माल उतरणार नाही."

"मग काय मांडीवर घेऊन बसू ट्रक?" खालून आवाज आला. पण तो बाजूला झाला. मी पाहिलं, तो चेनपुलीपासून दहा पावलं लांब भिंतीला टेकून विडी पेटवत होता.

मॅडमनी दादाची खुर्ची ओढली आणि लिहायला बसल्या. मी टेबलासमोर उभा होतो, दाराकडे पाठ करून. त्या विचारत होत्या, मी सांगत होतो. पहिला पट्टा केवढा, दुसरा केवढा. पहिल्यांदाच मी त्याचं नाव घेऊन सांगितलं, दादा म्हणून नाही. तेव्हा खोली एकदम लहान वाटायला लागली. कोणीतरी आणखी आत येऊन उभं राहिलं की वाटते तशी.

पंखा बंद होता. तरी मला मानेवर वारा लागत होता. थांबत थांबत.

पेन मधेच थांबलं. मॅडमनी मान वर केली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यावरून, जरा वर, दादाची उंची माझ्याहून जेवढी जास्त होती तेवढं वर बघत होत्या. मग त्यांनी मान खाली घातली आणि भराभर लिहायला लागल्या. अक्षर कागदाबाहेर जात होतं.

"सही कर," कागद माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या. आणि मी हलतोय असं पाहून माझं मनगट घट्ट पकडलं. "वळू नकोस. आधी सही कर."

मी सही केली. मागे कोणीतरी श्वास आत ओढला आणि सोडलाच नाही. रडू आवरताना माणूस ओढतो तसा. दादाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही पाहिलं नाही.